फीचं गार, फुकटचं गरम

बीड जिल्ह्यात लेकराला गरम जेवण फुकट मिळतं आणि गार जेवणासाठी फी भरावी लागते, असं कोणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण हिशेब करून बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या पोरांना दुपारी वाफाळती खिचडी मिळते. ती शाळेतच शिजते, त्यामुळे पातेलं ते ताट हे अंतर फार तर वीस पावलांचं. त्याच रस्त्यावरच्या बूट-टायवाल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मात्र आईनं भल्या पहाटे उठून केलेली पोळी-भाजी साडेबाराला उघडते, सहा-सात तासांचा वनवास भोगून. मग फी भरून वाकलेले पालक भांड्यांच्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘गरम राहणारा डबा आहे का?’ दुकानदार ‘आहे की’ म्हणतो, कारण त्याला तो विकायचा असतो. माझं म्हणणं एवढंच, की गरम जेवण ही वाहून न्यायची गोष्टच नाही. जिथं खायचं तिथं शिजवायची गोष्ट आहे.

मुळात आपल्याकडच्या शिदोरीनं गरम राहायचं कधी मनावर घेतलंच नव्हतं. ज्वारीची भाकर तव्यावरून काढून थेट घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि तासाभरानं बघा. वाफ आत कोंडते, झाकणाला घाम फुटतो, तो घाम थेंबाथेंबानं भाकरीवर उतरतो, पापुद्रा खाली बसतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी हाताला लागतं. शेतावर जाणारा माणूस भाकर फडक्यात बांधतो ती गरिबीमुळे नव्हे. फडकं वाफ सोडून देतं म्हणून. जोडीला शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, फार तर धपाटे. यातल्या एकाही पदार्थाला आपण गार झालो याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती वरणभाताला, आणि त्याचीच पंचाईत जास्त. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवावं नाहीतर पाच अंशांच्या खाली गार. मधल्या पट्ट्यात जंतूंची जत्रा भरते. दप्तरातला डबा नेमका या जत्रेतच दुपारपर्यंत हिंडतो. त्यात मार्चनंतरचं आपलं ऊन! डबा तेव्हा गरम राहतोही, पण तो सूर्याच्या कृपेनं, आणि वरण आंबतं. कोमटपणा राजकारणात खपून जातो, वरणात खपत नाही.

यावर थर्मासवाले म्हणतील, की विज्ञान पुढं गेलंय. गेलंय खरं. दुहेरी भिंतीच्या मधली हवा काढून घेण्याची युक्ती जेम्स ड्यूअर यांनी 1892 साली केली. मात्र त्यांना अतिथंड द्रवरूप वायू सांभाळायचे होते, कोणाच्या लेकराचा मसालेभात नव्हे. भातासाठीही ती युक्ती चालते, नाही असं नाही. फक्त त्यासाठी डबा आधी उकळत्या पाण्यानं तापवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, भात चुलीवरचा चटका देणारा हवा, तो गळ्यापर्यंत भरायचा आणि मधल्या सुट्टीपर्यंत झाकण उघडायचं नाही. हे सगळं दारात व्हॅन हॉर्न वाजवत असताना. वर त्या स्टीलच्या तोफेचं वजन. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असा नियम आहे. म्हणजे पंचवीस किलोच्या पोराला अडीच किलो. त्यात पाण्याची बाटली आणि ही तोफ घातली, तर गणित किंवा मराठी यांपैकी एकाला घरी ठेवावं लागेल.

दुसरा उपाय मुंबईचा. तिथं 1890 पासून डबेवाले घरचं ताजं जेवण दुपारी पोचवतात, पण त्यांच्या पाठीशी लोकल आहे. बीड शहरात पहिली रेल्वे यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. तिनं आता डबेही वेळेवर आणावेत, ही अपेक्षा अमानुष ठरेल.

तिसरा आक्षेप खिचडीवरच. रोज तेच, कधी पातळ, कधी करपलेलं. कबूल. पण आधी काय होतं तेही आठवा. 15 ऑगस्ट 1995 ला शाळेतल्या दुपारच्या जेवणाची ही योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो कोरडे तांदूळ घरी मिळायचे. भूक शाळेत आणि तांदूळ घरी. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवूनच द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठं शाळेत चूल पेटली. आता पाचवीपर्यंत माणशी शंभर ग्रॅम धान्य, साडेचारशे कॅलरी, बारा ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. खिचडी करपत असेल तर स्वयंपाकीण ताईंचं मानधन बघा, मग करपण्याबद्दल बोलू. योजना आठवीला थांबते. नववीत गेल्यावर पोरांना भूक लागत नाही, असा सरकारचा अंदाज असावा.

शेवटचा आक्षेप सगळ्यात नाजूक: आईच्या हातची चव. (डब्यावरच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता आईच असते; बाप फक्त डबा हरवल्यावर वाक्यात येतो.) या चवीपुढं वाद नाही. पण आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे हजारो आया कोयता घेऊन ऊसतोडीसाठी कारखान्याच्या वाटेला लागतात. पहाटे कोपीसमोर भाकरी थापून त्या अंधारात फडावर जातात आणि त्यांची गावात मागं राहिलेली लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. गळीत हंगाम संपेपर्यंत या पोरांचं गरम जेवण शाळेतल्या पातेल्यावर अवलंबून असतं. ते पातेलं गरिबांचं म्हणून आपण नाक मुरडतो आणि आपल्या लेकराला गार पोळीवर ठेवतो.

तेव्हा फी भरणाऱ्यांनो, पुढच्या पालकसभेत गॅदरिंगच्या ड्रेसचा विषय संपला, की शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत एक शेगडी आणि एक मोठं पातेलं ठेवायला किती खर्च येईल, एवढं विचाराच. आणि तोवर थर्मास घेऊ नका. भाकर फडक्यात बांधा.