माननीय लाल दिवासाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. लाल दिवासाहेब,
मुक्काम : इंटरनेटचा डबा, टीव्हीच्या वरची फळी,
अंबाजोगाई, जि. बीड

साष्टांग दंडवत.

1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. व्हीआयपीगिरी संपली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. आपली बदली झाली आहे, हे मात्र कुणी कळवलं नाही. गाडीच्या टपावरून उतरून आपण थेट आमच्या बैठकीत आलात, 'एलओएस' (लॉस ऑफ सिग्नल) अशी पाटी लावून बसलात, आणि आता आपण लुकलुकलात की अख्खं घर हात जोडून उभं राहतं.

आपल्या स्वागताची पद्धत ठरलेली आहे. आधी डबा बंद-चालू. मग अडॅप्टर काढून पुन्हा लावणं. मग डब्याला हलकीशी थाप. वास्तविक आपण पेटता ते फक्त एकाच कारणाने : बाहेरून प्रकाश येत नाही, किंवा आला तरी पुरेसा येत नाही. त्यावर थापेचा काय इलाज? घरात एकच जागा बघण्यासारखी असते, ती म्हणजे कपाटामागची पिवळी पॅचकॉर्ड. कपाट भिंतीला रेटताना ती चेपली की प्रकाश त्या वळणावरच बाहेर निसटतो. तिथे सगळं ठीक असेल तर निमूटपणे तक्रार नोंदवावी, दुखणं गल्लीत आहे.

साहेब, ज्या प्रकाशाच्या गैरहजेरीत आपला मान आहे, त्याचा प्रवास आपण कधी विचारात घेतला आहे का? फायबरच्या मधोमध जो गाभा असतो, ज्याला आमचे वायरमन 'कोअर' म्हणतात, तो जेमतेम 9 मायक्रॉनचा. म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. अशी काच आपल्या मराठवाड्यातच, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बनते. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून बोलणं दूरवर धाडता येईल, हे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडलं. नोबेल समितीला ते पटायला 2009 उजाडलं. आपल्याकडे टेलिफोन खात्याने 1979 मध्येच पुण्यात दोन एक्स्चेंजांमध्ये फायबर टाकून पाहिली होती. पुण्याहून अंबाजोगाईच्या गल्लीत ती यायला किती वर्षं गेली, ते मोजत बसत नाही. मराठवाड्याच्या माणसाला त्याची सवय आहे.

एक्स्चेंजमधून निघालेला एकच धागा वाटेत स्प्लिटरमध्ये शिरतो आणि बहुधा 32 घरांत वाटला जातो. दर दुभागणीला प्रकाश निम्मा होतो. आमच्या डब्यापर्यंत उरतो तो साधारण उणे 20 डीबीएम, म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा हिस्सा. एवढ्याशा उजेडात पोराचा अभ्यास, सासूबाईंची मालिका आणि जावयाची परदेशातली मीटिंग एकाच वेळी चालते. उणे 27-28 च्या खाली गेला की आपला शपथविधी. विशेष म्हणजे स्प्लिटरला वीज लागतच नाही. आमच्या डब्याला मात्र लागते. जुना तांब्याचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, गावात अंधार झाला तरी वाजायचा. आता लाइट गेली की आपणही गेलात, शेजारचे हिरवे दिवेही गेले. म्हणून इन्व्हर्टरची एक तार डब्याला द्यावी लागते.

आपल्या स्वीय सहायकांविषयी दोन शब्द. श्रीयुत जेसीबी हे नळयोजना, गटार किंवा रस्तारुंदीकरण या निमित्ताने येतात आणि पहिल्याच घासात चोवीस कोअरची केबल उचलतात. खोदण्याआधी खाली कुणाच्या तारा आहेत हे विचारता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. ते चालू राहायला नेट लागतं आणि नेट सहायकांनी तोडलेलं असतं, म्हणून की काय, आमच्याकडे खोदून झाल्यावरच फोन येतात. दुसरे सहायक हंगामी आहेत : उसाचा ट्रॅक्टर. गाळप सुरू झालं की दोन ट्रॉल्यांवर घराएवढा ऊस रचून ते खांबाखांबांवर लोंबणाऱ्या तारांखालून निघतात आणि चार गल्ल्यांचं इंटरनेट सोबत कारखान्यावर नेतात.

मग लाइनमनची वाट. आमच्या योगेश्वरी देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे 'दुपारपर्यंत येतो' हे शब्द या गावात कुणी फार मनावर घेत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, मुंबई गाठायला त्याला दोन-अडीच मिलिसेकंद पुरतात. मंडी बाजारातून शिडी यायला दोन दिवस.

पण आला की काम बघत राहावं. ओट्यावर बसून, कुणाला तरी डोक्यावर छत्री धरायला लावून तो तारेचं काळं आवरण सोलतो, काचेवरचा लेप उतरवतो, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसतो, क्लीव्हरवर टोक सरळ तोडतो. स्प्लायसिंग मशीनच्या चिमुकल्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच काचेत विरघळते आणि आकडा उमटतो : 0.02 डीबी. मग खालूनच हाक, "काका, लाल गेला का बघा!" या माणसाला महिन्याला काय मिळतं ते कधी विचारा, साहेब. कंपनीच्या जाहिरातीतल्या हिरोपेक्षा बरंच कमी असावं.

आपण गेलात की हिरवेसाहेब कार्यभार घेतात, आणि खरं सांगायचं तर आमचा आपल्यावरच जास्त विश्वास आहे. हिरवे तोंडावर हसतात आणि पिक्चर गोल फिरत ठेवतात. त्यांची कारणं वेगळी. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपुढे 5 गिगाहर्ट्‌झचा वायफाय हात टेकतो. त्यात फायबरचा काय दोष? शिवाय बत्तीस घरांत मिळून अडीच गिगाबिट. सगळ्यांनी एकदम ओढलं तर वाट्याला 78 एमबीपीएसच्या आसपास. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून '100 पर्यंत' खपून जातं. सरकारी व्याख्येपुरतं म्हणाल तर 2 एमबीपीएस मिळाले तरी ते ब्रॉडबँडच. 2023 पूर्वी 512 केबीपीएसवरच ही पदवी मिळत होती.

धंदेवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. फोटो स्टुडिओवाल्याला लग्नाचे 40 जीबी अल्बमसाठी पुण्याला पाठवायचे असतात. त्याला डाउनलोडचं कौतुक नाही, अपलोड हवा. 40 एमबीपीएसला सव्वादोन तास. तांब्याच्या तारेवरच्या 1 एमबीपीएसला पावणेचार दिवस, तोवर नवरा-नवरी देवदर्शन करून परत. संतकवी दासोपंतांनी याच गावात चाळीस फूट लांब पासोडीवर 'पंचीकरण' हा ग्रंथ उतरवला, पण त्यांना ते संध्याकाळपर्यंत पुण्याला पाठवायचं नव्हतं. ज्याचा गल्ला नेटवर चालतो, त्याने लीज्ड लाइन घ्यावी : वाटणी नाही, वर-खाली सारखाच वेग, आणि किती तासांत जोडून देणार ते करारात लिहिलेलं. ती महाग पडते म्हणून हुशार लोक दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतात. दोन्हींच्या तारा एकाच खांबावरून येतात. ट्रॅक्टरही एकच.

तर साहेब, आमच्या मागण्या माफक आहेत. आपल्या दौऱ्याचा कार्यक्रम आगाऊ कळवावा. सीईटीच्या अर्जाची शेवटची तारीख, जीएसटी भरण्याची 20 तारीख आणि भारत-पाकिस्तान सामना या दिवशी दौरा टाळावा. आपण जितके दिवस मुक्काम कराल, तितक्या दिवसांचं भाडं बिलातून वजा करण्याची शिफारस वरती करावी. लाल दिव्याच्या शब्दाला अजून वजन असतं, असं ऐकून आहोत.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक मासिक वर्गणीदार

ता. क. : शेजारच्या अण्णांनी आपल्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. लाइन तीन दिवस बंदच आहे, पण ते म्हणतात, आता घरात बरीच शांतता आहे.