अतिशयोक्तीबाईंना अनावृत पत्र

आदरणीय अतिशयोक्तीबाई,

स. न. वि. वि.

दंडीनं ‘काव्यादर्शा’त तुम्हाला अलंकारांत उत्तम ठरवलं, तेव्हापासूनच तुमचे पाय जमिनीला लागेनात. नाहीतर शाळेच्या व्याकरणात दमडीभर तेलावर सासरच्या मंडळींना न्हाऊमाखू घालून निमूट बसणाऱ्या तुम्ही, आमच्या चौकात बिऱ्हाड थाटलं नसतं.

घरातल्या वावराबद्दल तक्रार नाही. आईनं दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट ‘हजारदा’ सांगितलेली असते. मुलगा शाळेतून येतो तो भुकेनं ‘मेलेला’, आणि भाजी दुधीची आहे म्हटल्यावर मेल्या मेल्याच भूक नाही म्हणतो. हजाराचा हिशेब कुणी मागत नाही. मागितलाच तर पाठीत धपाटा बसतो, तो मात्र मोजून एक.

मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त तुमच्या चार तऱ्हा सांगितल्या. त्यांतली एक म्हणजे कारणाच्या आधीच कार्य उरकणं. काश्मीरच्या त्या पंडिताला त्यासाठी काव्यं धुंडाळावी लागली असतील. आम्हाला फोन पुरतो. ‘अरे, पोहोचलोच!’ म्हणणाऱ्याच्या मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत असतो. आपणही ‘सावकाश ये’ म्हणतो आणि चहाचं आधण उतरवून ठेवतो. ऐकणाऱ्याला सूट किती धरायची ते ठाऊक असतं, म्हणून तुमचं तिथं शोभतं.

पण चौकातला तो फ्लेक्स? ‘न भूतो न भविष्यति महामेळावा, वर्ष १४ वे’! बाई, तेरा भूतं डोळ्यांदेखत होऊन गेली हो. हल्ली आरती, भोंडला, रक्तदान, काहीही ‘महा’ लावल्याशिवाय मांडवात येत नाही. जनसागर उसळला म्हणून दुसऱ्या दिवशी छापून येतं. त्या सागरात मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या तशाच कोरड्या असतात. इथं सूट धरून ऐकलेलं चालत नाही. वर्गणी पूर्ण रकमेची मागतात.

तेव्हा कृपा करून फ्लेक्सवरून उतरा आणि आमच्या स्वयंपाकघरात या. येताना तुमच्या धाकट्या बहिणीलाही घेऊन या; तीच, मोठ्याचं लहान करून सांगणारी. ती माईक सोडत नाही. परवाच्या महामेळाव्यात प्रमुख पाहुणे ‘वेळेअभावी फक्त दोन शब्द’ म्हणाले आणि त्यांनी आजोबांच्या मुंजीपासून सुरुवात केली.

आपला नम्र,
पहिल्या रांगेत अडकलेला एक श्रोता