कटरकाका

जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली एखादी प्रीमियर पद्मिनी झाकलेली दिसली की समजावं, वर कुठल्यातरी मजल्यावर कटरकाका राहतात. वय साठीपुढे, पेन्शन बेताची, मत मात्र प्रत्येक हत्यारावर. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून काका तिचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं घेतात. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून तिला भोक पडलंय. तेवढा भाग कापायचा, नवा तुकडा जोडायचा. कापायचा कशाने, यावर काकांचा अभ्यास चालू आहे.

अभ्यास सुरू झाला तेव्हा भोक दोन रुपयांच्या नाण्याएवढं होतं. हातकात्रीने भागलं असतं. काकांकडे तिन्ही आहेत: लाल मुठीची डावीकडे वळणारी, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. पण कात्रीने कड मुडपते, आणि मुडपलेल्या कडेवर वेल्डिंग म्हणजे काकांच्या मते पत्र्याचा अपमान.

कुठल्याही डेंटरला विचारा, तो चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटरची चकती म्हणेल, आणि गार्ड काढून ठेवलेला ग्राइंडर खुशाल हातात देईल. काका आधी त्याला गार्ड बसवायला लावतात. मग पातळ पत्रा तापून कसा वाकडा होतो ते सांगतात. मग ठिणग्या. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. काचेत रुतून बसतो, शेजारच्या गाडीच्या रंगावर चिकटला तर पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उठतात. हे सगळं त्यांनी प्रामाणिकपणे सेक्रेटरींनाच समजावलं. सेक्रेटरींची पांढरी कोरी गाडी पद्मिनीला लागूनच असते. संध्याकाळी नोटीस लागली.

जिगसॉ त्यांनी गणित करून बाद केला. इंचाला चोवीस दातांचं पातं घेतलं, तरी पाऊण-एक मिलिमीटरच्या पत्र्यात एक दातसुद्धा धड बसत नाही. पातं अडकतं, पत्रा थडथडतो. प्लाझ्माचं नाव काढलं की काकांचे डोळे चमकतात. पण त्याला कॉम्प्रेसरची कोरडी हवा लागते, आणि फ्लोअरखाली पेट्रोलची नळी. काकूंनी कॉम्प्रेसरवरच विषय संपवला.

निबलरवर मात्र जीव जडला. ही गोष्ट खरंच देखणी आहे, काकांना दोष देता येत नाही. छोटा पंच वरखाली होत पत्र्याचे बारीक लचके तोडत जातो; ना ठिणगी, ना ताप, ना मुडप, वळणावरही हवा तसा फिरतो. मध्येच सुरुवात करायची तर आधी भोक लागतं. ते गाडीने दिलेलंच होतं. काकांनी निबलर आणला आणि सरावासाठी तेलाचे रिकामे डबे कापले. नंतर वाण्याकडून आणखी डबे मागवले. पद्मिनीकडे फिरकायला वेळच होईना. तोडलेल्या लचक्यांच्या अर्धचंद्राकृती, सुईसारख्या टोकांच्या चकल्या पार्किंगभर पसरल्या. लोकांच्या चपलांच्या तळव्यांतून त्या घरोघरी पोचल्या, मग एका कुरिअरवाल्याचा टायर बसला, आणि वार्षिक सभेत ‘इतर विषय’ या सदरात निबलरवर पाऊण तास चर्चा झाली. काकांनी त्यातला अर्धा तास पंच आणि डायमधलं अंतर समजावण्यात घेतला.

एव्हाना भोक ताटाएवढं झालं होतं.

शेवटी काकूंनी परस्पर डेंटर बोलावला. तो गाडीखाली सरकला. “काका, भोक मोजू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं असतं,” म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हरने टोचायला सुरुवात केली. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. चार बोटं पुढे टोचला, तिथेही आरपार. दाराखालच्या पट्टीपर्यंत तो टोचतच गेला, मग हाताने ओढून त्याने अख्खं फ्लोअर खाली काढलं. कापायला काही उरलंच नाही. काकांचा चेहरा पडलेला बघून त्याने धीर दिला, “नवीन पत्रा कापायचाय ना अजून.”

वीस गेजचा आठ बाय चारचा पत्रा टेम्पोने आला. पार्किंगमध्ये ठेवायला सेक्रेटरींची परवानगी नाही, म्हणून तो वर न्यायचा ठरला. जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडला. मधोमध कापला की जाईल, असं टेम्पोतला पोरगा म्हणाला आणि त्याने सीटखालून कात्रीही काढली. काकांनी तिच्या मुठीचा रंग पाहिला, पत्र्याची कड बोटाने चाचपली आणि “जरा थांब, आधी कशाने कापायचं ते ठरवू” म्हणून पायरीवर बसले.

टेम्पोवाल्याने तासाचं वेटिंग किती ते सांगितलं. काका म्हणाले, लाव.