राजीखुशीनं

माझ्या स्त्रीवादाची सुरुवात 2020च्या टाळेबंदीत झाली. त्याआधी मला वेळ नव्हता.

शिरूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा कॉलेज बंद होतं, चौकात पोलीस होते आणि हातात मोबाईल होता. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानंच येतो, 2005 साली कायदा बदलला तेव्हा बाप हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. मी चहा संपायच्या आत फेसबुकवर लिहिलं, ‘लेक पाहुणी नाही, वारस आहे!’ संध्याकाळपर्यंत 340 लाईक. तोवरचा माझा विक्रम 27 होता, आणि तोही आमचा कुत्रा गेला तेव्हाचा.

चटक लागली. 2018च्या ऑक्टोबरात देशभरच्या बायका ‘मी टू’ म्हणून लिहीत होत्या तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. ती कसर आता भरून काढायची होती. घरकामाचं आर्थिक मूल्य, सरपंचबाईंच्या खुर्चीत बसणारे पतिराज, मंगळसूत्र आणि आपण, असं रोज पहाटे काहीतरी पडू लागलं. दौंडला दिलेली माझी थोरली बहीण प्रत्येक पोस्टला न चुकता अंगठा द्यायची. वाचून की न वाचता, हे मी कधी विचारलं नाही.

मग सरकारनं ठरवलं की 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या आधी आईचं नाव लावायचं. माझा जन्म 1971चा असला तरी मी हा नियम पूर्वलक्षी प्रभावानं स्वतःला लागू केला आणि प्रोफाईलवर आईचं नाव घातलं. तिला नेऊन दाखवलं. तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

“बरं केलंस. पण रेशनकार्डावर शेवंताचं शेवता झालंय, ते कधी नीट करनार?”

अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख. म्हणजे सरकारदरबारी आमच्या घराचा कारभार शेवता नावाची एक बाई बघते, आणि ती या जगात नाही.

पण माझी पहिली जाहीर फजिती रमाबाईंनी केली. 5 एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. मी दणकून लिहिलं, फोटो लावला. 212 जणांनी पुढं पाठवल्यावर मूळच्या दौंड तालुक्यातल्या केडगावच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला, “सर, फोटो रमाबाई रानड्यांचा आहे. आमच्या रमाबाई वेगळ्या.” दोघी पुण्यात आर्य महिला समाजात एकत्र होत्या, एवढाच काय तो माझा बचाव. ‘आमच्या’ हा शब्द मात्र टोचला. शिरूर आणि दौंड तालुक्यांत आडवी भीमा सोडली तर फार काही नाही, आणि मी रमाबाईंना गुगलवर शोधत होतो.

तर, दौंडच्या एका महिला मंडळाचं 8 मार्चचं निमंत्रण आलं तेव्हा वाटेत केडगावला थांबायचं ठरवूनच निघालो. न्हावऱ्यापासून पारगावच्या पुलापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागं होतो. दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं लागलेली गाणी, आणि आपण मागं हॉर्न वाजवत भाषण पाठ करायचं. पूल ओलांडला की गुऱ्हाळांचा वास येतो. केडगावात रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या फाटकाशी उभं राहून आधी सेल्फी काढला. मग थोडी लाज वाटली म्हणून विचार केला.

या बाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. तिथं धर्मांतराच्या भीतीनं पालकांनी मुली काढून नेल्या. पुढं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई त्याच सदनातल्या. रमाबाईंनी केडगावच्या या माळावर जमीन घेतली, विहिरी खणल्या. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून इथं आणल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. हिब्रू-ग्रीक शिकून बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही इथंच छापलं गेलं. धर्माचं ज्याचं त्यानं बघावं. मला अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून एकच गोष्ट दिसत होती: नवरा गेलेल्या बाईनं आधी जमीन घेतली.

हे वाक्य मला एवढं आवडलं की ते मी भाषणात घालायचं ठरवलं. तिथंच घात झाला.

दौंडच्या सभागृहात शंभर-सव्वाशे बायका होत्या. बचत गटाच्या, अंगणवाडीच्या, रेल्वेतल्यांच्या घरच्या. हारतुरे झाले. मी सुरू झालो. 1986चं चांदवडचं शेतकरी महिला अधिवेशन सांगितलं. शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावावर जमीन केली, तेही सांगितलं. 22 जून 1994 ही महाराष्ट्राच्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीची तारीख तर मी अशी उच्चारली की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी ती लिहून घेतली. मग आवाज खाली आणून रमाबाईंचं ते वाक्य टाकलं आणि विचारलं, “सांगा, तुमच्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे?”

चार हात वर आले. मी खेदानं मान हलवली. ही मान हलवायची मी आरशासमोर तालीम केली होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक नऊवारीतल्या आजी उभ्या राहिल्या. “सर, तुमाला बहीन हाय का?”

“आहे की.”

“मग तिचं लावलंय का नाव?”

सभागृहात खसखस पिकली. मी माईक उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. पाण्याची बाटली उघडली. आणि घोट घेताना मला आजींच्या मागच्या रांगेत ताई दिसली. सांगितलं नव्हतं तिनं येणार म्हणून. भिशीच्या मैत्रिणींना घेऊन भावाचं भाषण ऐकायला आली होती.

आता 2011 सांगावं लागेल. वडील जाऊन वर्ष झालं होतं. न्हावऱ्याकडची साडेचार एकर जमीन, कालव्याचं पाणी, वारस म्हणून आई, ताई आणि मी. सगळ्यांचंच म्हणणं पडलं की कागद ‘स्वच्छ’ करून घ्यावा. मी ताईला फोन केला, “एक सही आहे, गाडी पाठवतो.” ती सकाळचा स्वयंपाक उरकून आली. दस्तात लिहिलं होतं की मी हा हक्क राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडत आहे. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चुलते, मागं मामा आणि समोर साक्षीदार असे बसलो होतो. पान उलटायला तिनं कोपर हलवलं तर ते मामांना लागत होतं. आईनं आधी सही केली, मग तिनं. वाचायला कुणी सांगितलं नाही. दुपारी जेवण झालं, मी साडी दिली. साडेआठशेची. किंमत आठवते, कारण दुकानदाराशी मी पन्नास रुपयांवरून घासाघीस केली होती. पुढं फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर दोघींच्या नावांना कंस पडला. महसुली भाषेत याला नाव कमी होणं म्हणतात.

आजी अजून उभ्याच होत्या.

“लावलंय, लावलंय,” ताई बसल्या जागेवरनं म्हणाली. “मीच बहीण त्यांची.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजींनी मागं वळून ताईच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. मला नारळ आणि शाल मिळाली. ताई घाईत होती, नातवाला शाळेतून आणायचं होतं. जाताना एवढंच म्हणाली, “बापू, उन्हाचं जातोयस, टोपी घाल.”

मंडळाच्या एका मुलीनं तो सगळा प्रसंग मोबाईलवर घेतला होता. तो फिरला. ‘बोले तैसा चाले’ म्हणून फिरला. 1,100 लाईक. खाली लोक विचारू लागले: सर, बहिणीचं नाव परत लावायची प्रक्रिया काय? खर्च किती? टप्प्याटप्प्यानं लिहा ना. एकीनं लिहिलं, माझ्या भावाला दाखवला व्हिडिओ, तो दोन दिवस बोलत नाहीये. आता खोटं म्हणून सांगावं तर त्या पोरीचा भाऊ जिंकतो, आणि खरं म्हणून ठेवावं तर मी.

शेवटी माहिती काढायला तहसील कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्या तात्यांकडं गेलो. त्यांनी संगणकावर एक फोल्डर उघडलं. हक्कसोड एक बहीण, हक्कसोड दोन बहिणी, हक्कसोड तीन बहिणी व आई. सगळे मसुदे तयार, नावं तेवढी बदलायची. “उलटा दस्त?” तात्यांनी चष्मा काढला. “सर, तीस वर्षांत असं कुनी आलं नाही. नव्यानं टाईप करावा लागंल.” मग हिशेब सांगितला. ताईनं हक्क सोडला तेव्हा दोनशे रुपयांचा मुद्रांक लागला होता. मी तिला बक्षीसपत्र करून द्यायचं तर जमिनीच्या बाजारमूल्यावर टक्केवारीनं. अर्थशास्त्र शिकवूनही मला वाटेची ही तिरपी घसरण आजवर दिसली नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. “मग द्या की,” म्हणाली. आणि काडी मोडावी तसं पुढचं वाक्य मोडलं, “2014ला मी श्रीगोंद्याला सही करायला गेले तेव्हा गाडीत मला 2005चा कायदा कुणी वाचून दाखवला होता?”

मीच दाखवला होता. सासऱ्यांची जमीन बागायती होती. मी कलमासकट समजावलं होतं की असा हक्क सोडू नये, हा पिढ्यानपिढ्यांच्या अन्यायाचा प्रश्न आहे. तिनं तेव्हा विचारलं होतं, “ताईंना सांगितलं होतं का हे?” आणि शांतपणे सही करून आली होती. तिलाही साडी मिळाली. आमच्यापेक्षा भारी.

रविवारी दौंडला गेलो. ताईला म्हटलं, दीड एकर तुझ्या नावावर करतो. तिला भरून येईल अशी माझी तयारी होती. खिशात दोन रुमाल होते. ती भांडी घासत होती, हात पुसत बाहेर आली.

“कर,” म्हणाली.

मी थांबलो. नको नको म्हणेल, मी आग्रह करीन, असा संवाद मी योजला होता.

“त्या दिवशी खोटं बोलले ते तुझं तोंड पडू नये म्हणून. तुला वाटलं असेल मला नकोच आहे. तसं तू विचारलं कुठं कधी? फक्त एक कर. फोटो टाकू नकोस. सहीचा नको, सातबाऱ्याचा नको, आपल्या दोघांचा तर नकोच.”

याला आता दोन आठवडे झाले. तात्यांचा मसुदा तयार आहे, मुद्रांकाचे पैसे भरायचे राहिलेत. मार्चअखेर आहे, टॅक्स आहे, धाकट्याची फी आहे, अशी कारणं आहेत. शिवाय फोटो टाकायचा नाही ही अट मला वाटलं होतं त्यापेक्षा जड जातेय, हेही लिहून टाकतो. व्हिडिओ अजून तसाच आहे आणि लाईक वाढताहेत.

सातबाराही हल्ली ऑनलाईन आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की कुणालाही दिसतो, लाईक करायची सोय तेवढी नाही. काल रात्री काढून पाहिला. भोगवटादाराच्या रकान्यात एकच नाव आहे, माझं.