रा. रा. मत्सरराव यांस, मुक्काम शेजाऱ्याची गच्ची

रा. रा. मत्सरराव,
स. न. वि. वि.

पाकिटावर पत्ता कुठला घालावा याचा जरा विचार पडला. खाणेपिणे आमच्या घरी असले, तरी आपली बैठक सदैव शेजाऱ्याच्या गच्चीवर. म्हणून पत्र तिथेच पाठवतो आहे.

आधी अभिनंदन. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असे आमच्या आज्या सांगत. आपण त्याला अपवाद. हिंदूंच्या षड्रिपूंत आपली जागा राखीव, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या सात मुख्य पापांतही राखीव, आणि दोन्हीकडे पोटभर जेवून वर विडा मागता. आमच्याकडे आपला प्रवेश थोडा उशिरा झाला, हे खरे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिउस नावाच्या साधूने आठ दुष्ट विचारांची यादी केली, तीत आपले नावच नव्हते. वाळवंटात शेजाऱ्याला गच्ची नसते, म्हणून राहून गेले असावे. ५९० साली पोप झालेल्या ग्रेगरी यांनी ही उणीव भरून काढली. माणूस रोममध्ये राहणारा. त्याच्या नजरेतून आपण कसले सुटता!

पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या पादुआ शहरात जोत्तो या चित्रकाराने एका चॅपेलच्या भिंतीवर आपले चित्र काढले. पाय जाळात, मुठीत पैशाची थैली, आणि आपल्याच तोंडातून निघालेला साप वळून आपल्याच डोळ्यांवर तुटून पडलेला. फोटो छान आला आहे. थैलीचे त्याला बरोबर उमगले होते. ज्याच्याकडे काहीच नाही तो भुकेने रडतो. जळतो तो बहुधा थोडेफार गाठीला असलेला.

इतर पापे निदान काहीतरी देऊन जातात. खादाडाला जेवण मिळते, तापटाला चार शिव्या हासडल्याचे समाधान. आपण छदामही देत नाही, तरी गिऱ्हाईक तुटत नाही आणि तक्रार तर कोणीच करत नाही. तपस्याकाळात पापनिवेदनाला रांग लागते. राग आला, खोटे बोललो, मिस्सा चुकवली, हे सगळे तिथे सांगितले जात असणार. पण 'फादर, जावेच्या बंगल्यामुळे मला झोप लागत नाही,' असे त्या जाळीपाशी कोणी बोलत असेल, यावर माझा विश्वास नाही. बोललीच एखादी, तर 'जावेला हल्ली फार गर्व झालाय' एवढे बोलेल. म्हणजे पापनिवेदन जावेचे.

वसईत तर आपली चंगळ आहे. बापजाद्यांच्या वाडीचे वाटे पडतात. एका भावाला रस्त्यालगतचा तुकडा येतो, दुसऱ्याला मागचा, ज्याची वाट पहिल्याच्या अंगणातून. दोन्हीकडे केळी आणि पानवेल होती तोवर हा फरक कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. मग बिल्डर आला आणि पुढच्या तुकड्याचे सोने झाले. योसेफाला त्याच्या भावांनी वीस नाण्यांना विकले, तेव्हा निमित्ताला एक झगा लागला होता. आता सातबारा पुरतो. पोराच्या पहिल्या कम्युनियनला एका भावाने हॉल घेतला की दुसरा लॉन घेतो. तीन मजली केक, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन, आणि ज्याने त्या सकाळी पहिल्यांदा ख्रिस्तशरीर स्वीकारले तो पोरगा पांढऱ्या सुटात घामाघूम, कोपऱ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर गेम खेळत बसलेला. हप्ते त्याच्या दृढीकरणापर्यंत चालू. ज्याची कधी हौसच नव्हती, त्यासाठी माणसाला कर्ज काढायला लावावे, ही कला आपलीच.

पण आपली खरी करामत पुढेच आहे. कोणी समाधानाची गोष्ट काढली, की आपण समाधानाचेच कपडे घालून येता. 'वर बघू नका, खाली बघा. किती लोक आपल्यापेक्षा हालात आहेत! देवाचे आभार माना.' हे मी प्रार्थनासभेत ऐकले आहे, भरल्या गळ्याने सांगितलेले. काय हा डाव! माप तेच, नुसते उलटे धरलेले. शेजारी बुडाला की माझी कृतज्ञता वाढणार, तो सावरला की आटणार. इतके भक्तिभावाने आपले काम दुसरे कोणी करत नसेल.

द्राक्षमळ्याचा दाखला प्रभू येशूने आपल्याला समोर ठेवूनच सांगितला, असे मला वाटते. पहाटे आलेले मजूर एका दीनारावर राजी झाले होते. संध्याकाळी रोज वाटताना मालकाने दिवस मावळायला तासभर असताना आलेल्यांना आधी बोलावले आणि पुरा दीनार हातावर ठेवला. हा क्रमच बघण्यासारखा आहे. पहाटेच्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते, तर ते खुशीत घरी गेले असते. ना कुरकुर, ना वाद. मालकाने ते होऊ दिले नाही. दुसऱ्याच्या हातावर पडलेले नाणे त्यांना बघायला लावले. घटकाभरापूर्वी पुरेसा असलेला दीनार आपण कानाशी लागताच कमी पडू लागला. आणि मालक त्यांना चार पैसे जादा देऊन गप्प करत नाही, हे मला फार आवडते. माझा दिलदारपणा तुला खुपतो काय, एवढेच विचारतो. तेही 'मित्रा' म्हणून.

आता थोडे आपल्या पराभवाविषयी. फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना पौल कैदेत होता. बाहेर काही जण निव्वळ त्याच्या हेव्यापोटी ख्रिस्ताचा प्रचार करत होते; बेड्यांतल्या पौलाला आणखी चटका बसावा, हा उद्देश. आपल्या कारकिर्दीतले उत्तम काम! आणि हा गृहस्थ लिहितो की हेतू काही का असेना, ख्रिस्ताची घोषणा होते आहे, मला आनंदच आहे. त्याच पत्रात शेवटी तो सांगतो, की आहे त्या स्थितीत तृप्त राहणे आपण शिकून घेतले. उपजत संतपणाचा आव नाही.

त्या शाळेतला अवघड धडा कोणता, ते संत योहान ख्रिसोस्तोम यांनी ओळखले होते: रडणाऱ्याबरोबर रडणे सोपे, हसणाऱ्याबरोबर हसणे कठीण. आमच्याकडे मयताला सारा गाव लोटतो. बंगल्याच्या आशीर्वादाला आलेले मात्र आधी टाइल्सचा भाव विचारतात.

माझ्या मावशीने आपल्याविरुद्ध एक खोडसाळ उपाय केला. रोजच्या रोझरीत ती जावेचे नाव घेऊ लागली, आणि 'तिला सद्बुद्धी दे' असे नव्हे, तर 'तिला आणखी दे' असे मागू लागली. सुरुवातीला दातओठ खात. फादरांनी नव्हते सांगितले, तिचे तिलाच सुचले. काही महिन्यांनी ती मला म्हणाली, 'अरे, तिच्या गुडघ्यांना तो जिना चढवत नाही. वरच्या खोल्या झाडायलासुद्धा कोणी नाही.' इतकी वर्षे तिला मार्बल दिसत होते, गुडघे दिसले नव्हते. त्यानंतर आपण तिच्याकडे फिरकल्याचे ऐकिवात नाही.

आज रात्री आमच्या रोझरीत एक नाव घालतो आहे. चुलतभावाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला. नाव उच्चारताना जीभ जड होते, ती आपली मेहरबानी.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. पण तो तर आपल्याच भावकीतला, म्हणून लिहीत नाही.

आपला,
नाइलाजाचा एक यजमान, वसई