गोळी संपते

आपल्या युद्धपटांत बंदुकीतली गोळी संपत नाही. माझी ही तक्रार जुनी आहे आणि नागपुरात राहून ती कमी होणं शक्य नाही.

एके-४७ मधून मिनिटाला साधारण ६०० च्या वेगाने गोळ्या सुटतात. मॅगझीनमध्ये असतात ३०. घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत बंदूक रिकामी. पडद्यावरचा नायक मात्र घोडा दाबून अख्खा संवाद म्हणतो, टेकडी चढतो, जखमी मित्राला खांद्यावर घेतो, आणि बंदूक सुरूच. मोबाइलवर पब्जी खेळणाऱ्या पोरांना यापेक्षा जास्त कळतं. ५.५६ आणि ७.६२ मिमीच्या गोळ्यांतला फरक ती झोपेतही सांगतील, मॅगझीन कधी बदलायचं यावर भांडतील. खेळ तयार करणाऱ्यांना गोळ्या मोजाव्याशा वाटल्या. कोट्यवधी खर्चून चित्रपट काढणाऱ्यांना वाटत नाही.

‘उरी’, ‘शेरशाह’च्या पिढीत गणवेश नेमके झाले, बंदुकांचे आकार नेमके झाले. मग गोळीच का विसरता? एनसीसीत .२२ रायफलचा सराव केलेल्या कुणालाही विचारा. गोळ्या मोजून मिळतात आणि नंतर जमिनीवर वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्याव्या लागतात. हा हिशेब सुटला की काय होतं, ते सिनेमावाल्यांनी स्वतः पाहिलं आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर नकली गोळ्यांत खरी गोळी आली आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स गेली.

युद्ध लढलं जातं ते गोळ्यांच्या साठ्यावर. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला इथे चिन्यांशी लढणाऱ्या १३ कुमाऊंच्या जवानांच्या हातात .३०३ रायफली होत्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, तोही त्या थंडीत. दारूगोळा संपला तेव्हा ते हातघाईवर लढले. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेट डागली. आणि त्याच युद्धात सेनाप्रमुख वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की जे हाताशी आहे त्यावर लढू. या एका वाक्यात केवढं नाट्य आहे! जे. पी. दत्तांचा ‘एलओसी कारगिल’ चार तासांच्या आसपासचा आहे. त्यात तोफा भरपूर गरजतात, पण गोळे कमी पडतील या धास्तीने कुणाचा घसा कोरडा पडलेला मला आठवत नाही.

आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर तर हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच लिहिला गेला. २७ नोव्हेंबर १८१७ च्या सकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी तिथल्या दोन टेकड्यांपैकी धाकटी जिंकली होती. ईस्ट इंडिया कंपनीची फौज रात्रभराच्या माऱ्याने थकलेली, संख्येनेही थोडी. नागपूरचं राज्य वाचण्याची ती घडी होती. तेवढ्यात त्या टेकडीवर अरबांच्या मधोमध दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि कंपनीचे शिपाई वर धावले. टेकडी गेली, लढाई गेली, पुढे राज्य गेलं. अरबांच्या शौर्यात काही उणं नव्हतं. कामठी रोडवरून रेल्वे स्टेशनकडे जाताना ती टेकडी दिसली की मला अजून हळहळ वाटते.

आणि आजचा विदर्भ म्हणजे दारूगोळ्याचाच मुलूख. वाडीच्या ‘डिफेन्स’मध्ये, म्हणजे अंबाझरीच्या आयुध निर्माणीत, तोफगोळ्यांची पोलादी अंगं घडतात, पिनाक रॉकेटचं काम होतं. भंडाऱ्याच्या जवाहरनगरात स्फोटकं तयार होतात. भद्रावतीला गोळे भरले जातात. वर्ध्याजवळच्या पुलगावच्या भांडारात ते साठवले जातात. सीमा इथून हजार किलोमीटर दूर, पण सीमेवर जे फुटतं त्यातलं कितीतरी या गावांतल्या माणसांच्या हाताखालून गेलेलं असतं. या घरांतली पोरं भोंग्याच्या वेळेवर वाढतात. बाप काडेपेटी, बिडी, मोबाइल फाटकाबाहेर ठेवून आत जातो. आतल्या कामाबद्दल घरी बोलायचं नाही, हे आईने न सांगता पोरांना कळतं.

जवाहरनगरच्या निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, छत कोसळलं, कामगार त्याखाली गेले. त्याच्या आधी पुलगाव. ३१ मे २०१६, मध्यरात्र उलटून गेलेली. भांडारात सुरुंगांच्या साठ्याला आग लागली. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं लेकरं कडेवर घेऊन अंधारात बाहेर पळत होती आणि अग्निशमनचे कर्मचारी पाण्याच्या गाड्या घेऊन आत जात होते. हातात बंदूक नाही, समोर शत्रू नाही. आग शेजारच्या साठ्यांपर्यंत पोहोचू द्यायची नाही, एवढंच काम. दोन लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमनची माणसं त्यात गेली. पुढचे साठे वाचले.

यांना सैनिक म्हणायचं की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सलामी दिली जाते, वर्तमानपत्रात दोन दिवस नावं येतात आणि मग पुन्हा पडद्यावर बर्फ, दुर्बीण, नायकाची दाढी आणि न संपणारं मॅगझीन. मराठी दिग्दर्शकांना माझी विनंती आहे. पुलगावची ती रात्र घ्या. लडाखला जाण्याचा खर्च नाही, परदेशी बंदुका भाड्याने आणायच्या नाहीत. वर्धेची रेल्वे पकडा, गावांत बसा, ज्यांच्या घरचं माणूस त्या फाटकातून आत गेलं त्यांना बोलू द्या. वऱ्हाडी बोलणारे नट इथेच मिळतील.