पत्र्याच्या खोल्यांचे आप्पा

कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी. चाकणच्या अंगाला कुठल्याही गावात उतरा, एक आप्पा भेटतातच. निम्मी जमीन एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ. बंडीच्या खिशात सबमीटरच्या आकड्यांची वही. भाडेकरूंची नावं आप्पांच्या ध्यानात राहत नाहीत, जिल्हे राहतात. "ओ परभणी, मोटर बंद करा!" "काय वाशीम, पाव्हणे अजून गेले न्हाईत?" लातूरची बिऱ्हाडं दोन निघाली, तेव्हा एक थोरलं लातूर झालं आणि एक धाकटं.

नियम कडक. डिपॉझिट आधी. आधारची झेरॉक्स पोलीस चौकीला. दहानंतर गाणी बंद. भाडं थकलं की एक तारखेला खोली खाली. यातला शेवटचा नियम आप्पांच्या हातून आजवर पाळला गेलेला नाही.

कंत्राटी कामाला इथे सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' लागतो. गाडीचा ब्रेक लागला तर गाडी थांबते. हा लागला की पगार थांबतो, मग भाडं थांबतं आणि बिऱ्हाड तेवढं चालू लागतं. पोराची शाळा मागे राहते. आप्पा तावातावाने दारात जातात, "उद्या सामान भायेर!" म्हणून गरजतात आणि वळता वळता विचारतात, "पोरगं कितवीला?"

इथे आप्पा हरतात.

"नववीला."

"मग परीक्षा होऊ द्या." परीक्षा होते. पोरगं दहावीत जातं, आणि दहावीच्या पोराला बाहेर काढतं का कोणी?

एका शाळेत दाखल्यावाचून प्रवेश अडला, तर आप्पा टोपी घालून थेट हेडमास्तरांसमोर. २००९ चा शिक्षणहक्क कायदा त्यांना एवढाच पाठ आहे, की दाखला यायला उशीर झाला म्हणून पोराला परत पाठवता येत नाही. "कागद येईल मागनं, पोरगं आज आलंय!" किराणावाला त्याच घराची उधारी पुढे ढकलतो, भजनी मंडळ संध्याकाळी देवळातला दिवा अभ्यासाला चालू ठेवतं. बिलावरून दर महिन्याला भांडण होतं, दिवा चालूच राहतो.

चिंचवडगावात गिरीश प्रभुण्यांचं गुरुकुलम २००६ पासून पारधी, भटक्यांच्या मुलांना ठेवून घेऊन शिकवतं, हे कुणी आप्पांना सांगितलं. प्रभुण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली हेही सांगितलं. आप्पांनी मनापासून हात जोडले. मग म्हणाले, "पोरांची सोय झाली. आई-बापाचं भाडं कोण बुडवणार? त्याला मीच लागतो."

शिकणारं पोर दिसलं की आप्पा हरतात, हे आता सगळ्या ओळीला ठाऊक झालंय. परवा तीन महिने भाडं थकलेला सडाफटिंग धाकटा लातूर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आला. "आप्पा, मीपण विद्यार्थीच. बी.ए.चा फॉर्म भरतोय."

आप्पांनी चष्मा लावून माहितीपत्रक पुरतं वाचलं. "फी भरली?"

"न्हाई अजून."

फी आप्पांनी भरली आणि वहीत थकलेल्या भाड्याखाली लिहून ठेवली. धाकटा लातूर आता सेकंड शिफ्ट नसेल त्या संध्याकाळी देवळात पाचवीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेतो. सतराचा पाढा त्यालाही येत नाही, तो आप्पा बाहेरून ओरडून सांगतात.